आधीचा प्रसन्न

ॲडम्सटाउन या आयरिश उपनगरातल्या निम्म्या मराठी बायका गाडी शिकल्या त्या प्रसन्न मोडककडे. त्याचा हा काही धंदा नव्हता. तो क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचा. पण नवऱ्याकडून गाडी शिकणं म्हणजे संसाराला आपल्या हातानं चूड लावणं, हे तिथल्या नवऱ्यांनाही अनुभवानं कळलेलं होतं. त्यामुळे नवीन कुणी पुण्याहून, मुंबईहून येऊन स्थिरावलं आणि बायकोनं शिकाऊ परवाना काढला, की रविवारी सकाळी प्रसन्नला फोन यायचा. तो चहासुद्धा न घेता गाडीत जाऊन बसायचा. दोन्ही हात गुडघ्यांवर. ब्रेककडे नजर नाही, स्टिअरिंगकडे हात नाही. भर चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, शिकणारीच्या तळव्यांना घाम फुटला, की तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "घाई त्यांना आहे. आपल्याला कुठे आहे?"

नागपूरचा माणूस, पण आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. मंडळाच्या गणपतीत वर्गणीवरून, प्रसादावरून, नाटकातल्या भूमिकांवरून जी भांडणं व्हायची ती शेवटी त्याच्याच पुढ्यात यायची. तो फारसं काही बोलायचा नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा, आणि पूर्ण ऐकून घेतलं की समोरच्याचं अर्धं भांडण तिथेच संपायचं. त्याची बायको माधवी लुकनमधल्या एका औषधांच्या दुकानात काम करायची. ती मैत्रिणींना म्हणायची, "याच्याशी भांडायला गेलं की आपलंच आपल्याला हसू येतं गं."

जानेवारीतल्या एका सकाळी तो नेहमीसारखा कालव्याकाठच्या वाटेनं सायकलवरून कामाला निघाला. पाण्याच्या कडेला रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरला होता, तो दिसला नाही. चाक सरकलं आणि त्याचं डोकं दगडी कठड्यावर आदळलं. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली.

शुद्धीवर यायला बरेच दिवस गेले. पण आला तो सगळं घेऊन आला, असं वाटलं. नाव, गाव, बायको, मुलगी, नागपूरच्या घराचा पत्ता, कंपनीतल्या लॅपटॉपचा पासवर्डसुद्धा. चालायला लागला, जिने चढायला लागला. घरी आल्यावर लोक डबे घेऊन भेटायला आले. "वाचलास रे बाबा," प्रत्येक जण म्हणाला. डॉक्टरांनी मात्र माधवीला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला आहे. स्वभावात फरक पडेल. तो तुम्हाला दिसेल, त्याला दिसणार नाही. कारण जखम अशा जागी आहे की ती झाली आहे हे ओळखण्याचं कामही त्याच जागेचं.

माधवीनं मान डोलावली. तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला नव्हता.

आणि प्रसन्नला तर खरंच काही दिसलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की आपण दवाखान्यात होतो तेवढ्या काळात बाकीची माणसं बदलली. माधवी वाक्यं अर्धवट सोडायला लागली. बारा वर्षांची अबोली शाळेतून आली की थेट वर खोलीत जायची. पूर्वी तिच्या मैत्रिणी दार वाजवायच्या, त्या येईनाशा झाल्या. शेजारचा श्रीराम दर शनिवारी चहाला यायचा, त्याला आता शनिवारीच नेमकी कामं निघायला लागली. दार उघडं राहिलं, चमचा पडला, कुणी तेच वाक्य दुसऱ्यांदा बोललं, तर साहजिकच माणूस बोलणार, प्रसन्न बोलायचा. त्यात एवढं चेहरे पाडण्यासारखं काय असतं, ते त्याला उमजत नव्हतं. कुणी तब्येत विचारली की तो इथल्या लोकांसारखाच उत्तर द्यायचा, "ग्रँड. एकदम ग्रँड." आणि ते त्याला मनापासून खरं वाटायचं.

शरद ऋतूत तो कामावर परत गेला, अर्धा दिवस. एका मीटिंगमध्ये त्यानं हाताखालच्या मुलाचं काम सगळ्यांसमोर "कचरा" म्हणून निकालात काढलं आणि वर हसला. पुन्हा एकदा तसंच झालं. मग साहेबांनी अतिशय गोड भाषेत त्याला आणखी विश्रांती घ्यायला सांगितलं. घरी येऊन तो म्हणाला, "राजकारण आहे सगळं. खरं बोललेलं खपत नाही यांना." माधवी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

त्याच सुमारास पियूष आणि ज्ञानदा हे नवीन जोडपं पुण्याहून आलं. ज्ञानदाला कुणीतरी जुन्या माहितीवर सांगितलं, की गाडी शिकायची तर प्रसन्नदादांकडे. त्याला स्वतः गाडी चालवायची परवानगी डॉक्टरांनी अजून दिली नव्हती. शेजारी बसून शिकवायचं असेल तरी तोच नियम. माधवीनं ते सांगितलंही, पण प्रसन्ननं ऐकलं नाही. तिलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, निदान आनंदानं काही करतोय. लुकनच्या रस्त्यावर पहिल्याच चौकात ज्ञानदाची गाडी बंद पडली. प्रसन्न ओरडला. तिनं पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली, आणि तो जे बोलायला लागला ते थांबेचना. तुझ्यासारख्या बायकांनी बसनंच फिरावं, इथपर्यंत गेला. ज्ञानदानं कशीबशी गाडी कडेला घेतली, दार उघडून फुटपाथवर उतरली आणि रडत पियूषला फोन केला. प्रसन्न आत बसून वाट बघत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "हल्लीच्या पोरी फारच हळव्या. जरा बोललं की झालं."

वसंतात अबोलीच्या कमोगीच्या सामन्याला तो गेला. मुलींचा, थोडा हॉकीसारखा इथला देशी खेळ, हातात लाकडी काठ्या, मैदान चिखलाचं. पंचानं अबोलीची चूक धरून समोरच्या संघाला एक मोकळा फटका दिला आणि प्रसन्न सरळ मैदानात घुसला. त्याला बाहेर काढायला दोन बापे लागले. अबोलीनं हेल्मेट काढलं नाही. सामना संपेपर्यंत आणि संपल्यावर गाडीत बसेपर्यंत तिनं ते तसंच डोक्यावर ठेवलं, चेहऱ्यावरच्या जाळीसकट.

तेव्हाही त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, पोरगी हरली म्हणून रुसली असेल.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पुनर्वसन केंद्रात आठवड्यातून एकदा डोक्याला मार बसलेल्या रुग्णांचा गट भरायचा. ओर्ला नावाची शांत, उंच बाई तो चालवायची. प्रसन्न कुरकुरत जायचा. "मला काही झालेलं नाही, पण माधवीच्या समाधानासाठी," असं पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना सांगितलं. ते ऐकून दोघंतिघं हसले. कारण त्यांनीही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

एका दिवशी घरच्या माणसांनाही बोलावलं होतं. डेक्लन म्हणून एक जण त्या आठवड्यात नवीन आला होता. पूर्वी बस चालवायचा, शिडीवरून पडून डोक्याला मार लागलेला. शेजारी त्याची बायको मॉरीन. डेक्लन रंगात येऊन सांगत होता, की मी एकदम ठणठणीत आहे. चिडचिडी झालीय ती ही. प्रसन्नला त्याची गंमत वाटली. थोडी दयाही आली. बिचाऱ्याला कळतच नाही, त्याच्या मनात आलं.

मग मॉरीननं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. डेक्लन तिच्यावर खेकसला, "मला बोलू देशील का बाई?" ती चिडली नाही, लाजलीही नाही. टेबलाकडे बघत किंचित हसली आणि स्वेटरची बाही ओढून बोटांपर्यंत आणली. पण प्रसन्नचं लक्ष त्याच्याही आधीच्या एका गोष्टीवर अडकलं होतं. डेक्लन ओरडायच्या आधीच तिचे खांदे वर उचलले गेले होते. कुणी वरून काहीतरी फेकणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचे खांदे.

हे खांदे त्यानं पाहिले होते. ओट्याशी, पाठमोरे. तो स्वयंपाकघरात पाऊल टाकायचा तेव्हा. रोज.

त्यानं शेजारी माधवीकडे पाहिलं. ती मॉरीनकडे बघत होती, आणि तिचे खांदेही तसेच वर होते.

परतताना मोटरवेवर वाहनांची रांग लागली होती. माधवी गाडी चालवत होती. प्रसन्न तिच्या खांद्यांकडे बघत होता.

"मी तसा बोलतो का?" त्यानं विचारलं. "त्या डेक्लनसारखा?"

माधवीनं पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत गिअर बदलला.

"माधवी, मी विचारतोय."

"हो."

"कधीपासून?"

"पडलास तेव्हापासून."

"आधी नव्हतो?"

"नाही रे," ती म्हणाली. "आधी तू..." आणि तिला पुढचं बोलता येईना. तिनं मिळेल त्या फाट्यानं गाडी बाहेर काढली, एका पेट्रोल पंपाच्या कडेला उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. दीड वर्षाचं साठलेलं रडणं होतं ते, लवकर आवरलं नाही. प्रसन्न शेजारी बसून होता. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण आपला हात लागला तर ती दचकेल की काय, याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

त्या दिवसापासून त्याची झोप गेली. एक एक गोष्ट नव्यानं समोर यायला लागली, आणि या वेळी ती बाहेरून दिसायची. फुटपाथवर रडणारी ज्ञानदा. मीटिंगमधला खाली मान घातलेला मुलगा. हेल्मेटच्या जाळीमागचा अबोलीचा चेहरा. घडताना त्यानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं; आता त्या चित्रात त्याला तो स्वतः दिसत होता.

पण त्याहून विचित्र दुखणं वेगळंच होतं. आधीचा प्रसन्न त्याला आठवत होता. गाडीत गुडघ्यांवर हात ठेवून बसणारा, भांडणं ऐकून घेणारा. प्रसंग आठवत होते, शब्द आठवत होते. पण त्या वेळी आत काय वाटत होतं, ते काही केल्या सापडत नव्हतं. चौकात गाडी बंद पडल्यावर तो माणूस शांत कसा राहायचा? कुणीतरी गावाला जाताना आपलं सामान सांभाळायला देऊन जावं, तशा त्या माणसाच्या आठवणी याच्याकडे होत्या. सामान होतं, माणूस नव्हता. नाव तेच, सही तीच, आरशातला चेहरा तोच, कपाळावर केसांखाली लपणारी एक खूण तेवढी जास्त. मग मी कोण? तोच बिघडलेला मी, की त्याच्या घरात येऊन राहिलेला दुसराच कुणी?

हे त्यानं ओर्लाला विचारलं, तर ती म्हणाली की हे प्रश्न पडणं फार चांगलं लक्षण आहे. आपल्याकडे आपल्याला बघता येणं हीच सुधारणेची पहिली पायरी. माधवीनं ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर कोट काढता काढता ती म्हणाली, "दीड वर्ष मी देवाला एकच मागत होते, की याला दिसू दे. आता वाटतं, नसतं दिसलं तर बरं झालं असतं. निदान तू तरी सुखात होतास."

तो ज्ञानदाची माफी मागायला गेला. दिवसभर वाक्यं जुळवली होती. तिनं सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. "त्या दिवशी मी तुला जे बोललो..." त्यानं सुरुवात केली, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत पियूषनं चटणीसाठी मिक्सर सुरू केला. "बंद करा ते आधी!" प्रसन्न इतक्या जोरात ओरडला, की ज्ञानदाच्या हातातला ट्रे हलला. मिक्सर थांबला. प्रसन्ननं तिच्याकडे पाहिलं, उठला आणि बूट न बांधताच बाहेर पडला. ज्ञानदा दारापर्यंत धावत आली. "दादा, अहो, असू दे, मला माहितीये सगळं," ती म्हणत होती. तिचं हे समजून घेणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

ओळखणं एक आणि आवरणं दुसरं, हे त्याला त्या दिवशी कळलं. राग पूर्वी न सांगता यायचा. आता येताना दिसायचा, पण थांबायचा नाही.

उन्हाळ्यात त्याची आई लीलावती नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली. तिला फोनवर सगळं सांगितलेलं नव्हतं. चार दिवसांत तिनं दोनतीनदा त्याचा आवाज ऐकला आणि कोथिंबीर निवडत राहिली. मग एका दुपारी मागच्या अंगणात दोघंच बसलेली असताना त्यानंच तिला विचारलं, "आई, मी लहानपणापासून शांत होतो ना गं?"

"तू?" लीलावती हसली. "कोनं सांगितलं तुले? आगीचा गोळा होता तू. हेमचंद्राचं कपाळ फोडलं होतं डब्यानं, आठवते का? टाके पडले होते पोट्ट्याले."

हेमचंद्र म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. प्रसन्नला ते अंधुक आठवत होतं, पण भावानं खोडी काढली म्हणून घडलेलं, असं.

"मग शांत कधी झालो?"

"तुझे बाबा गेले ना, त्याच्यानंतर. राग आला का तू गच्चीवर जाऊन बसायचा. एकटा. उतरला का खाली यायचा. मी म्हनो, काऊन रे, काय करतो वरती? तर म्हने, मी स्वतःले पाहून रायलो." तिनं काड्या बाजूला काढल्या. "कोनं शिकवलं नव्हतं तुले. मोठा होता होता जमलं. मंग तर लोक म्हनायचे, लीलाबाई, तुमचा पोरगा नावासारखाच आहे."

प्रसन्न बाजूला काढलेल्या काड्यांकडे बघत राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं, की मूळचा एक भला माणूस होता आणि त्या दगडानं तो नेला. आता कळत होतं, की तो भला माणूस मुळात नव्हताच. एका तापट मुलानं, कुणी न सांगता, स्वतःकडे बघून बघून वर्षानुवर्षं तो घडवला होता. दगडानं नेलं ते हे घडवलेलं.

"आई, आता तसं जमत नाही गं," तो म्हणाला. "ज्यानं बघायचं तेच मोडलंय."

लीलावतीनं कोथिंबीर खाली ठेवली. त्याच्या कपाळावरचे केस मागे सारून तिनं ती खूण प्रथमच नीट पाहिली. "जमन तेवढं कर बाप्पा," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

जमेल तेवढं तो करत राहिला. नोकरी सुटली ती सुटलीच. आता सकाळी तो लुकनबाहेरच्या एका नर्सरीत रोपांना पाणी घालायला, कुंड्या भरायला जातो. तिथे फारसं कुणाशी बोलावं लागत नाही. घरात राग येताना दिसला की तो उठून मागच्या अंगणात जातो. कधी वेळेवर उठतो. बहुतेक वेळा एखादं वाक्य तोंडातून निघून गेल्यावर उठतो. माधवी सोडून गेली नाही. जाणारही नाही, असं ती म्हणते. पण ती आता त्याच्याशी जपून बोलते, आजाऱ्याशी बोलावं तसं, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे.

सप्टेंबरमध्ये अबोलीच्या संघाची अंतिम लढत होती. तिनं ती जेवताना जाहीर केली, इंग्रजीत, ताटाकडे बघत. आजी खूश झाली. "मी येनार पाहायले," म्हणाली. पुढचा प्रश्न प्रसन्न येणार का हा, ते सगळ्यांना माहीत होतं.

प्रसन्नला जायचं होतं. त्यानं मनात मैदान उभं करून पाहिलं. काठ्यांचा आवाज, चिखल, अबोलीला लागलेला धक्का, पंचाचा हात. आणि कडेला उभा असलेला तो स्वतः. तो माणूस काय करेल, हे त्याला आता चांगलं ठाऊक होतं.

"मी घरी थांबतो," तो म्हणाला. "तुम्ही तिघी जा."

"अरे, ये ना," माधवी म्हणाली. पण एकदाच म्हणाली.

अबोलीनं मान वर केली. तिचे डोळे त्याच्यावर होते, आणि प्रसन्नला कळलं की आपण काहीतरी ऐकायची वाट बघतोय. नाही बाबा, तू ये. एवढंच. तिनं विचारलं, "नक्की ना, बाबा?" त्यानं मान डोलावली.

तेव्हा ती खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं त्याला मिठी मारली. दीड-दोन वर्षांत पहिल्यांदा. "थँक्स," ती त्याच्या खांद्यात पुटपुटली. तिचं सगळं अंग सैल झालं होतं, परीक्षा रद्द झाल्यावर होतं तसं. प्रसन्ननं तिच्या पाठीवर हात ठेवला. आधी फार हलके, मग जरा घट्ट.

शनिवारी तिघी गेल्या. गाडी वळेपर्यंत तो दारात उभा होता. लीलावतीनं मागच्या काचेतून हात हलवला. मग त्यानं दार लावलं, भांडी घासून जागच्या जागी लावली, अबोलीसाठी पोह्यांचं सगळं चिरून ठेवलं, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्या परत यायची वाट बघत राहिला.